व्हर्लिनला हरवण्याची मोहीम

एखादी संस्था जिवंत आहे की नाही हे ओळखण्याची खात्रीची खूण म्हणजे तिची पाटी अधूनमधून बदलत असते. (माणसांचे तसे नाही. माणूस नाव बदलू लागला की पोलीस चौकशीला येतात.) या कसोटीवर नेब्रास्कातल्या बेलफोर्ड गावचे रेडिओ केंद्र अत्यंत जिवंत म्हणावे लागेल. गावाची लोकसंख्या चार हजार एकशे, धान्याची कोठारे सात, चर्च नऊ आणि पस्तीस वर्षांत रेडिओची नावे आठ.

पहिले ‘मधुर ९८’. त्यावर दातांच्या दवाखान्यात वाजते तसले संगीत वाजे. ते बंद करून ‘बैल ९८’ आणले, म्हणजे गुराख्यांची गाणी. मग ‘अस्वल’, म्हणजे गिटारी फोडणाऱ्यांची. त्यानंतर पुन्हा गुराख्यांकडे वळायचे ठरले, पण तोवर शेजारच्या जिल्ह्यातल्या केंद्राने बैल पळवला होता, म्हणून ‘कोल्हा’. पुढे ‘चांदणी’, ‘पाणमांजर’, पाच आठवडे नुसतेच ‘गॅरी’ (कारण कळवण्यात आले नाही) आणि सध्या ‘साळिंदर ९८’.

नावाबरोबर सरकारदरबारी नोंदलेली चार अक्षरेही बदलावी लागत. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला पहिले अक्षर ‘के’ असते, ते सरकारचे. उरलेली तीन केंद्राची. दर तासाच्या ठोक्याला ही अक्षरे आणि गावाचे नाव हवेवर उच्चारणे कायद्याने बंधनकारक आहे. पाणमांजराच्या सबंध सहा वर्षांत बेलफोर्डला चांदणीचीच अक्षरे उच्चारली गेली. सरकारची नोटीस आली नाही की श्रोत्यांचे पत्र आले नाही. चूक लक्षात आली ती रंगाऱ्याच्या, आणि तोही मनोऱ्यावर अक्षरे रंगवायला आला होता म्हणून.

ती अक्षरे उच्चारणारा माणूस म्हणजे व्हर्लिन स्टोल्टेनबर्ग. वय एकसष्ट, सकाळच्या पाळीचा निवेदक. केंद्राचे नाव बदलले की त्याचेही बदले, कारण बैलावर ज्युलियन शोभत नाही आणि अस्वलावर टेक्स शोभत नाही. आजवर तो ज्युलियन, टेक्स, डॉक्टर थंडर, स्लिम, कूपर, कॅप्टन डेव्ह आणि (पाच आठवडे) गॅरीचा मित्र होता. साळिंदरावर त्याचे नाव होते बक रॅन्सम. गावाने यातले एकही मनावर घेतले नाही. बक रॅन्समने मायक्रोफोनसमोर बसून आपण बक रॅन्सम असल्याचे जाहीर केले की मिनिटभरात फोन वाजे.

“व्हर्लिन, आज शाळेत चिली आहे का रे?”

“आहे. सोबत दालचिनीचा रोल.”

“मग ठीक.”

(चिली म्हणजे राजमा आणि खिम्याचा तिखट रस्सा.) हा प्रश्न सकाळी आठ वीसला येई, कारण आठ वीसला व्हर्लिन गावची खबर वाचे. कोण वारले आणि दफन किती वाजता, शाळेत जेवायला काय, कोणाची कालवड कोणाच्या मक्यात सापडली. दहा मिनिटांचा हा कार्यक्रम आठांपैकी एकाही स्वरूपात बसत नव्हता. त्याची कागदोपत्री नोंद कुठेच नव्हती, म्हणूनच तो कोणी बंद केला नव्हता.

वर्षातून दोनदा सर्वेक्षण कंपनी काही निवडक घरांना एक छोटी वही पाठवते. आठवडाभर रेडिओवर काय ऐकले ते घरच्यांनी तीत लिहून धाडायचे. यंदा बेलफोर्डमधून अडतीस वह्या परत गेल्या. चौघांनी लिहिले होते ‘रेडिओ’. दोघांनी ‘हो’. एकीने बटाट्याच्या सॅलडची कृती लिहिली होती (चांगली होती). उरलेल्या एकतीस वह्यांत एकच शब्द होता, ‘व्हर्लिन’.

कंपनीच्या कारकुनाने हा शब्द केंद्राने दिलेल्या नावांच्या यादीत शोधला. तो तिथे नव्हता. केंद्राची व्यवस्थापिका लोर्ना द्वोराक हिने पहिल्याच नामांतराच्या वेळी तो विहित नमुन्यातल्या अर्जावर नियमाप्रमाणे खोडला होता. तेव्हा निकाल असा लागला: साळिंदर ९८, शून्य टक्के. व्हर्लिन (मालक अज्ञात), एक्क्याऐंशी पूर्णांक सहा दशांश टक्के.

डॅलसमध्ये बसून चौसष्ट केंद्रांना सल्ला देणाऱ्या ट्रेंट मॅकअ‍ॅडूच्या हातात हा कागद पडला, तेव्हा त्याच्या तोंडचे पाणी पळाले. बेलफोर्डसारख्या ठिकाणी प्रतिस्पर्धी उभा राहिला आणि आपल्याला त्याचा पत्ताही नाही. त्याने व्हर्लिनचा मनोरा हुडकायला एक माणूस पाठवला. त्याला पन्नास मैलांत एकच मनोरा सापडला आणि तो आपलाच निघाला. यावरून व्हर्लिन किती पोहोचलेला असेल याचा ट्रेंटला अंदाज आला. त्याने तातडीने पडद्यावर बैठक बोलावली.

“नुसतं माणसाचं नाव,” ट्रेंट तक्त्यावरची नजर न काढता म्हणाला. “आपल्या गॅरीसारखं. पण ह्यांनी ते नीट केलंय. बक, तू ऐकलंयस का ह्या व्हर्लिनला?”

“रोजच ऐकतो,” व्हर्लिन म्हणाला.

“कसा आहे?”

“बरा आहे. सकाळी जरा घसा बसलेला असतो.”

“ट्रेंट, एक मिनिट,” लोर्ना म्हणाली, “तो व्हर्लिन म्हणजे…”

“तपशील मेल कर. बक, खरं सांग. हरवू शकतोस त्याला?”

इथे बेलफोर्डची एक रीत ध्यानात घेतली पाहिजे. तिथे घरफोडी केलेल्या माणसाला लोक दोन वर्षांनी माफ करतात, पण चारचौघांत स्वतःची शेखी मिरवणाऱ्याला करत नाहीत. मक्याचे पीक छातीभर वाढले तरी शेतकरी ‘अगदीच वाईट नाही’ म्हणतो. ‘तो व्हर्लिन मीच, आणि गाव मलाच ऐकतं’ हे वाक्य उच्चारण्यापेक्षा व्हर्लिनने मायक्रोफोन गिळला असता. त्याने प्रश्नाचा प्रामाणिकपणे विचार केला.

“नाही बुवा,” तो म्हणाला. “नाही वाटत.”

लोर्नाने रात्री मेल केला. ट्रेंटने त्याचा विषय वाचला (‘व्हर्लिनबाबत खुलासा’) आणि तो प्रतिस्पर्ध्यांच्या कप्प्यात टाकला. दुसऱ्या दिवशी, व्हर्लिनशी सामना करण्याची जिद्द नसल्याच्या कारणास्तव, व्हर्लिनला कामावरून कमी करण्यात आले. त्याने कप आणि उशी पिशवीत भरली आणि तो घरी गेला. त्याला मनापासून भीती वाटली. पस्तीस वर्षांत तो दुसरे काहीच शिकला नव्हता, आणि घरातल्या मांजरीला गावच्या खबरीत रस नव्हता.

व्हर्लिनला हरवण्यासाठी ट्रेंटने साळिंदराचे नाव तेच ठेवून स्वरूप बदलायचे ठरवले. स्वरूप बदलण्याआधी रेडिओवर तीन दिवस रात्रंदिवस एकच असह्य गोष्ट वाजवण्याची या धंद्यात प्रथा आहे. तिने जुने श्रोते आपणहून निघून जातात आणि नव्यांचे कुतूहल चाळवते. (दुकान रंगवण्यापूर्वी त्याला आग लावण्याचा हा प्रकार असून तो शास्त्रशुद्ध मानला जातो.) संगणकाने असह्य म्हणून एक पोल्का, म्हणजे चेक लोकांच्या नाचाची धून, निवडला. बेलफोर्डची अर्धी वस्ती चेक आजी-आजोबांची नातवंडे, त्यामुळे गावाने तो फार आवडीने ऐकला. वृद्धाश्रमात दोघांना नाच थांबवण्याची विनंती करावी लागली. पण आठ वीसलाही पोल्काच वाजला. चिली आहे की नाही हे न कळल्याने मुलांनी घरून डबे नेले.

दुसऱ्याच दिवशी, एक्क्याण्णव वर्षांचे एर्व्हिन कुचेरा झोपेत वारले. त्यांच्या पत्नी अल्व्हिनाबाई डोक्याला रुमाल बांधून केंद्रावर आल्या.

“व्हर्लिन कुठाय?”

“काढलं त्याला,” लोर्ना म्हणाली.

“कुणी?”

“डॅलसनं. व्हर्लिनला हरवता येत नाही म्हणाला, म्हणून.”

अल्व्हिनाबाईंनी यावर थोडा विचार केला आणि नाद सोडला. “मग आमचे हे गेलेत, ते सांगणार कोण?”

“मी बाहेर फळ्यावर लिहिते ना.”

“लोर्ना, पस्तीस वर्षं रोज सकाळी गप्प बसून दुसऱ्यांची नावं ऐकली गं त्यांनी. मला म्हणून बोलू द्यायचे नाहीत. आता त्यांची पाळी आली तर पोल्का लावता होय?”

त्यांनी दफन पुढे ढकलले. रेडिओवर सांगितल्याशिवाय माणूस गेला असे धरायचे नाही, यावर कुचेरा कुटुंब ठाम राहिले आणि पाद्रीबाबांनाही त्यात धर्मविरोधी काही दिसले नाही. चर्चच्या बायकांनी केलेले हॅमचे सँडविच फ्रीजमध्ये गेले. शवगृहवाले म्हणाले, मंगळवारपर्यंत जमेल.

व्हर्लिनला ही बातमी किराणा दुकानात कळली. घरी येऊन तो स्वयंपाकघरात बसला. आठ वीस वाजल्यावर त्याने हलक्या आवाजात म्हणून पाहिले, एर्व्हिन कुचेरा, वय एक्क्याण्णव. त्याला रडू आले. पण शेजारच्या घरातून पोल्का ऐकू येत असताना नीट रडता येत नाही, म्हणून त्याने ते लांबणीवर टाकले.

लोर्नाने डॅलसला फोन लावला. “ट्रेंट, इथं एक माणूस गेलाय.”

“आपला श्रोता?”

“हो. वहीसुद्धा भरली होती त्यांनी.”

“काय लिहिलं होतं?”

“व्हर्लिन.”

“मग तो त्यांचा. आपला नाही.”

लोर्नाने हात टेकले. सरळ सांगून झाले होते, लिहून झाले होते. मग तिला सुचले की या माणसाला त्याच्याच भाषेत सांगावे.

“ट्रेंट, व्हर्लिन फुटायला तयार आहे.”

“किती मागतोय?”

“बकला देत होतात तेवढंच.”

“त्याला बाजारभाव माहीत नाही वाटतं. लगेच सही घे.”

सोमवारी ट्रेंट स्वतः विमानाने आला. आठ वीसला व्हर्लिन मायक्रोफोनसमोर बसला आणि त्याने एर्व्हिन कुचेरा यांचे नाव वाचले, सावकाश, दोनदा. दफन मंगळवारी अकरा वाजता. शाळेत चिली, दालचिनीचा रोल. ओल्सनांची कालवड पुन्हा शमिटांकडे. मुख्य रस्त्यावर गाड्या कडेला थांबल्या होत्या आणि अल्व्हिनाबाई स्वयंपाकघरात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या आज पहिल्यांदा रडल्या. काचेपलीकडे ट्रेंट फोनवर बोलत होता.

नंतर त्याने व्हर्लिनचा हात दोन्ही हातांत धरला. बक रॅन्समला त्याने कधी नीट पाहिले नव्हते, त्यामुळे ओळखीचा प्रश्न आला नाही. “तुझ्यासारखा माणूस शोधून सापडत नाही. आधीच्यात धग नव्हती. फक्त एक आहे, व्हर्लिन हे नाव लोकांच्या लक्षात राहणार नाही. तीन हजार स्टिकर छापून पडलेत. आजपासून तू बक रॅन्सम.”

“ते आधीच्याचं ना?”

“त्याला पेललं नाही. तुला पेलेल.”

“अगदीच वाईट नाही,” व्हर्लिन म्हणाला. लोर्नाने विहित नमुन्यातला अर्ज काढला आणि ‘व्हर्लिन’ हा शब्द नियमाप्रमाणे खोडला.

आता सर्वेक्षणाचा उरलेला भाग वाचकांनी पुरा करायचा आहे. वर न बघता त्या केंद्राची आठ नावे क्रमाने लिहा. जमत नसेल तर, तुम्ही ही दोन-तीन पाने ज्याच्यासाठी वाचलीत त्याचे नाव लिहिलेत तरी चालेल. तुमचे उत्तर आमच्या यादीत नाही, सबब तुम्ही काहीही वाचलेले नाही असे धरण्यात येत आहे.