बिरुदाची ओळ

नगराध्यक्ष विल्फ्रिदो साम्बोनिनो यांनी देवमातेच्या उत्सवाची कार्यक्रमपत्रिका स्वतः बनवली आणि तिथेच घात झाला. डावीकडे कार्यक्रम, उजवीकडे तो करणाऱ्याचं नाव. टेबल करणं त्यांना कमीपणाचं वाटे, म्हणून त्यांनी दोन रकाने पाडले आणि एंटर मारमारून ओळी समोरासमोर आणल्या. फॉन्ट वेलबुट्टीचा, फक्त त्यांच्या महागड्या लॅपटॉपवर असलेला. उजवीकडे सगळ्यात वर, ध्वजारोहणासमोर, स्वतःचं नाव: परमादरणीय नगराध्यक्ष इंजिनिअर डॉन विल्फ्रिदो साम्बोनिनो. आमच्या इक्वादोरात बिरुदाशिवाय माणसाला उघडंवाघडं वाटतं. साम्बोनिनो तर कॉलेज अर्धवट सोडलेले, त्यामुळे त्यांना जास्तच.

नगरपालिकेची टायपिस्ट नियेवेस तोआपांता हंगामी होती. उत्सवानंतर तिची मुदत संपत होती आणि ती वाढवणं साहेबांच्या हातात होतं. तरी तिने तोंड उघडलं.

"साहेब, ऑफिसच्या मशीनवर लिनक्स आहे. तुमचा फॉन्ट तिथे नाही, सगळं हलेल. पीडीएफ करून द्या."

"पीडीएफमध्ये मला मागाहून बदल करता येत नाहीत."

"मग मी टेबल करते."

"नियेवेस, स्पेसलासुद्धा हात लावायचा नाही. एक अक्षर बदललंस तर उत्सवानंतर यायची तसदी घेऊ नकोस."

नियेवेसने कशालाही हात लावला नाही. फाइल ऑफिसात उघडल्यावर मशीनने वेलबुट्टीच्या जागी आपला ऐसपैस फॉन्ट घातला. साहेबांचं बिरुद एका ओळीत मावेना. 'डॉन'नंतर ते तुटलं, नाव खालच्या ओळीवर आलं आणि त्याखालची सगळी नावं एकेक पायरी उतरली. छापील प्रत तिने साहेबांपुढे ठेवली आणि "एकदा नीट बघा," म्हणाली. साहेबांनी पत्रिकेत आपलं नाव आहे एवढं पाहिलं, सही केली आणि गोल शिक्का हाणला. शिक्का बसलेल्या कागदाशी आमच्याकडे कोणी हुज्जत घालत नाही.

उत्सवाच्या दिवशी निवेदकाने भोंग्यावरून वाचलं, "ध्वजारोहण. परमादरणीय नगराध्यक्ष इंजिनिअर डॉन." पुढे नाव नव्हतं. गर्दीतून विरोधी पक्षाचे मेसियास चिलुइसा उठले.

"अहो, बसा," साम्बोनिनो म्हणाले. "ते माझ्याबद्दल आहे."

"नाव कुठंय? इंजिनिअर लिहिलंय. मी इंजिनिअर आहे, पदवी घरी भिंतीवर टांगली आहे. तुमची दाखवता?"

चिलुइसांनी झेंडा चढवला.

"आता चरबी फासलेल्या खांबावर चढणार," निवेदक म्हणाला आणि जरा घुटमळला, "विल्फ्रिदो साम्बोनिनो."

खांबाच्या टोकाला बक्षिसाच्या बादल्या, तेलाचा डबा आणि एक जिवंत कोंबडी बांधलेली होती. निवडणूक तोंडावर होती. "शिक्का तुमचाच आहे साहेब," कोणीतरी ओरडलं. साहेबांनी कोट काढला. ते दोनदा चढले, तीनदा घसरले, म्हणजे एकदा न चढताच. तिकडे देवमातेपुढे प्रार्थना म्हणायची पाळी खांबासाठी नाव दिलेल्या खाटीक सेर्बुलोवर आली आणि त्याने ती रडत रडत फार छान म्हटली. उत्सवराणीला मुकुट पाद्रे उबाल्दोंनी घातला. त्या मानाच्या खऱ्या धनीण साहेबांच्या सासूबाई. त्यांचं नाव पत्रिकेच्या मागच्या पानावर, शवपेट्यांच्या दुकानाच्या जाहिरातीखाली सापडलं. बाईंनी जावयाशी बोलणं टाकलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या अंगाला चरबीचा वास येत होता.

"मी स्पेसलाही हात लावला नव्हता," नियेवेसने आधीच सांगितलं.

"माहीत आहे. एक महिना ठेवतो तुला. पण कॉफी आणून द्यायची. करारनामा मीच बनवलाय."

तिने पडद्यावर पाहिलं. तोच फॉन्ट, तेच दोन रकाने.

"टेबल करू का?"

"परत टेबल? छाप आणि आण."

तिने छापून आणला. साहेबांनी आपलं नाव आहे एवढं पाहिलं, सही केली, शिक्का हाणला.

पुढच्या सकाळी ते नेहमीसारखे उशिरा आले. नियेवेस जागेवर बसून होती, करारनामा समोर.

"कॉफी कुठंय?" त्यांनी विचारलं.

"तेच विचारणार होते." तिने कागद वळवून वाचला. "नोकरी देणार: परमादरणीय नगराध्यक्ष इंजिनिअर डॉन. नोकरी करणार आणि सकाळची कॉफी आणणार: विल्फ्रिदो साम्बोनिनो. वरिष्ठ: नियेवेस तोआपांता. शिक्का आहे."

"फाडून टाक तो."

"एक प्रत इंजिनिअर चिलुइसांकडे ठेवलीय. हरवायला नको म्हणून."

साम्बोनिनो खुर्चीत बसले. त्यांनी शिक्क्यावर बोट घासून पाहिलं; तो पुसला गेला नाही.

"काय पाहिजे तुला?"

"कायम नोकरीची ऑर्डर. ती मी टाइप करीन, टेबलमध्ये."

"कर," ते म्हणाले. मग उठले, दारापर्यंत गेले आणि थांबले. "साखर किती?"

"एक चमचा, साहेब."