नको, नको, नीको!

उपासनी काकांना जेवायला बोलावलं तर ते येतात. फक्त जेवून येतात.

बरोबर स्वतःची पाण्याची बाटली असते आणि गाडीच्या डिकीत एक घडीची खुर्ची. हो, खुर्ची. आमच्याकडे पहिल्यांदा दिवाळीच्या फराळाला आले तेव्हा घरात पस्तीस माणसं होती. काकांनी दारातून आत येऊन एक कोपरा हेरला, खुर्ची उघडली आणि बसले. मी ताट घेऊन गेले. "नको, माझं झालंय." मग चहा तरी? "नको, उगाच कशाला त्रास." अहो, निदान सोफ्यावर तरी बसा! "नको, कुणाला तरी बसायचं असेल." सोफा रिकामा होता.

माझा नवरा मंदार अमेरिकेत, टेक्सासमधल्या शुगर लँडला नोकरीला लागला तेव्हा काका त्याचे बॉस होते. सगळा जन्म पाइपलाइनची डिझाइनं करण्यात गेला, आता निवृत्त. वय एकाहत्तर, मूळ गाव मिरज, घरात एकटे. मी नागपूरची. आमच्याकडे पाहुणा 'नको' म्हणाला की त्याचा अर्थ 'अजून एक वाढा' असाच लावतात, त्यामुळे या माणसाने मला पहिली दोन वर्षं नुसता वैताग दिला. मग एकदा भांडायच्याच सुरात मी पुरणपोळी चौथ्यांदा पुढे केली, आणि काकांनी ती मुकाट्याने घेतली. वर तुपाची वाटीही पुढे केली. तेव्हापासून मला किल्ली सापडली. काकांना चारदा विचारायचं. तीन 'नको' हे नुसते शिष्टाचार असतात.

ही किल्ली बाकी कुणालाच सापडली नव्हती. तरुणपणी मिरजेच्या एका स्थळाकडून विचारणा झाली होती म्हणे. मुलगी काकांना पसंत होती. वडील मंडळींनी विचारल्यावर काका रीतीप्रमाणे तीनदा 'इतक्यात नको' म्हणाले, आणि चौथ्यांदा विचारायचं मुलीकडच्यांना सुचलं नाही. मग काका शिकायला अमेरिकेत आले. इथे तर एकदा 'नो, थँक यू' म्हटलं की विषयच संपतो. पहिल्याच आठवड्यात प्रोफेसरांच्या घरी जेवायला गेले आणि उपाशी परत आले. "तेव्हाच ओळखलं," काका सांगतात, "सुसंस्कृत देश आहे. कुणी आग्रह करत नाही." त्या सुसंस्कृतपणात त्यांची पंचेचाळीस वर्षं गेली.

या सगळ्याची मला गंमतच वाटत आली होती. डोळ्यांचं कळलं तेव्हा मात्र गंमत संपली. काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगून दीड वर्ष झालं होतं, आणि काका तारीख घेऊन कॅन्सल करत होते. अंधारात दिसत नाही म्हणून रात्रीचं ड्रायव्हिंग बंद केलेलं. आमच्या साडेसातच्या जेवणाला ते चारला यायचे आणि साडेपाचला उजेडात परत जायचे. म्हणजे जेवणाला नसायचेच. आमच्या गावात गाडी चालवता आली नाही तर माणूस घरात बसून राहतो, दूधही मिळत नाही. मी ओरडले की म्हणायचे, "बघू." मला वाटायचं, घाबरतात.

मागच्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत आम्ही ग्रीसला निघालो होतो. सासू-सासरे बरोबर येणार होते, ऐन वेळी त्यांचा व्हिसा झाला नाही. काकांना ग्रीसच्या अवशेषांची पुस्तकं तोंडपाठ, पण तिकडे कधी गेले नव्हते. मी फोन केला. "काका, चला." नको. "खोली बुक आहे, फुकट जाईल." नको, तुमच्यात मी कशाला. "तुम्ही आलात तर आम्हांला दगड कळतील." नको गं. मी खोल श्वास घेतला. "काका, येताय का?"

"किती वाजता पोचायचं एअरपोर्टला?" काकांनी विचारलं.

अथेन्सला पोचल्यावर काका आमच्या टॅक्सीत बसले नाहीत. तुम्हांला दाटी नको, म्हणून बॅग ओढत मेट्रोने आले आणि आमच्या आधी हॉटेलात हजर झाले. दुसऱ्या दिवशी टेकडीवरच्या त्या मोठ्या देवळापाशी मात्र त्यांचा नूर पालटला. "वैशाली, यातला एकही खांब सरळ नाही. मध्ये जरा फुगवलेत, आत कललेत, म्हणून सरळ दिसतात. आणि ही पायरी बघ, मध्ये उचललेली आहे. थांब, दाखवतो." त्यांनी डोक्यावरची टोपी काढून पायरीच्या एका टोकाला ठेवली आणि मंदारला दुसऱ्या टोकाला ओणवं केलं. "टोपीची कड दिसते का?"

"नाही दिसत, काका!"

"बघ! मधला फुगवटा आड येतो." मग स्वतः तिकडे जाऊन ओणवे झाले, बराच वेळ बघत राहिले. "मला तर टोपीच दिसत नाहीये. मंदारसुद्धा दिसत नाहीये."

तेवढ्यात रखवालदार बाईने शिट्टी फुंकली. काकांनी दोन्ही हात जोडून तिची माफी मागितली, पण ज्याच्यापुढे हात जोडले ती बाई नव्हती, माहितीचा फलक होता. आम्ही हसलो. हसता हसता माझ्या काळजात चर्र झालं.

तिथून गाडीने मायसीनीच्या जुन्या किल्ल्याच्या बाजूला गेलो. चोहीकडे संत्र्यांच्या बागा, झाडं फळांनी वाकलेली. नागपूरच्या माणसाला संत्र्याचं कौतुक करायला लावणं सोपं नाही, पण मी केलं. तिथे एका खेड्यात स्ताव्रुला नावाच्या आजीबाईंच्या घरी आम्ही दोन खोल्या घेतल्या होत्या. काकांपेक्षा पाचसहा वर्षांनी मोठ्या, ठेंगण्या, काळा स्वेटर, आवाज खणखणीत. इंग्रजी शून्य. आम्ही अंगणात पाय ठेवताच त्यांनी ट्रे आणला. प्रत्येकाला छोट्या बशीत चमचाभर संत्र्याच्या सालीचा मुरांबा आणि गार पाण्याचा पेला. उन्हातून आलेल्याला गूळपाणी द्यावं तसं. मला तर माहेरीच आल्यासारखं वाटलं.

काकांनी सवयीप्रमाणे छातीवर हात ठेवला, किंचित झुकले आणि म्हणाले, "नको, नको."

बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "स्ताव्रुला!" मग काकांकडे बोट. "नीको!"

नीकोस हे तिकडे घरोघरी सापडणारं नाव, आणि हाक मारताना त्याचं 'नीको' होतं. छातीवर हात ठेवून झुकलेला माणूस आपलं नाव सांगतोय, असं बाईंना वाटलं, यात त्यांचं काय चुकलं? काका गडबडून पुन्हा "नको" म्हणाले. "ने, ने, नीको!" बाई म्हणाल्या आणि बशी त्यांच्या हातात कोंबली.

काका माझ्याकडे वळले. चेहरा पांढराफटक. "वैशाली, ही मराठी बोलतेय. ने म्हणतेय. कुठे नेऊ?"

आणि खरंच बशी घेऊन खोलीकडे चालू लागले. मंदार हसून हसून अंगणातल्या बाकावर आडवा झाला. ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे 'हो', हे त्याने फोनवर काढून दाखवलं. काकांनी ऐकून घेतलं. "असेल. पण कानाला मराठीच ऐकू येतं ना."

त्या रात्रीचं जेवण मी विसरणार नाही. कोबीच्या पानांत गुंडाळलेला भात, वर लिंबाचं आंबटसर सार. मसुराची आमटी. उकडलेला रानपाला, त्यावर ऑलिव्हचं तेल. मोठाल्या पांढऱ्या घेवड्याची टोमॅटोतली उसळ, आणि चीजचा पाटाएवढा तुकडा. काका प्रत्येक वाढीला "नको" म्हणायचे, आणि बाईंना वाटायचं हा सारखा स्वतःचं नाव काय सांगतोय, भूक फार लागलेली दिसते. "ने, नीको, ने!" की पडला आणखी एक डाव. पंचेचाळीस वर्षं चाललेलं काकांचं हत्यार त्या स्वयंपाकघरात बोथट झालं. तीन वाढी झाल्यावर ते 'नको' म्हणायचे थांबले आणि नुसते जेवत राहिले. इतकं जेवताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"आक्का गेल्यापासून," ते मला हळूच म्हणाले, "मला कुणी एकेरीत ने म्हटलं नव्हतं. सगळे घ्या, न्या म्हणतात. घ्या म्हटलं की नको म्हणता येतं गं." आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. मी त्यांना ब्रेड वाढला.

दुसऱ्या दिवशी जुन्या किल्ल्याच्या दगडी दारापुढे उभे होतो. वर दोन सिंहिणी कोरलेल्या, खाली हत्तीएवढी आडवी शिळा. काकांना कोरीवकाम धूसर दिसत होतं, पण बांधणी त्यांना पाठ होती. "सिंहिणींचा दगड त्रिकोणी आहे, बघ. आडव्या शिळेवर भिंतीचं वजन येऊ नये, म्हणून तिथे त्रिकोणी पोकळी ठेवली आणि भार दोन्ही बाजूंच्या दगडांवर काढून दिला. नाहीतर मधली शिळा केव्हाच तडकली असती. कसले इंजिनिअर होते!"

"काका," मी संधी साधली, "ऑपरेशन का करत नाही? खरं सांगा."

ते दाराकडेच बघत म्हणाले, "दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. भीती नाही वाटत. पण गुंगीचं औषध देतात, म्हणून घरी न्यायला कुणीतरी लागतं. टॅक्सी चालत नाही. ओळखीचं माणूस लागतं आणि फॉर्मवर त्याचं नाव लिहावं लागतं."

"एवढ्यासाठी दीड वर्ष? माझं नाव लिहा ना!"

"नको गं. तुझी नोकरी, तुझा दिवस मोडायचा. उगाच कशाला त्रास."

मला असा संताप आला! "तुमच्या त्या बाजूच्या दगडांना झाला का त्रास? तीन हजार वर्षं उभे आहेत ना भार घेऊन?"

"ते त्यासाठीच असतात," काका पटकन म्हणाले. इंजिनिअरला तोंडी परीक्षेत विचारावं तसं उत्तर आलं. मग स्वतःचंच वाक्य त्यांना ऐकू आलं असावं. त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली. मी पुढे काही बोलले नाही, आणि मी गप्प बसले हे मंदार अजून लोकांना सांगतो.

निघायच्या सकाळी बाईंनी गाडीत संत्र्यांची गोणी टाकली. ने, नीको. मंदार म्हणाला, आता तरी यांना तुमचं खरं नाव सांगतो. "राहू दे," काका म्हणाले. "शोभतंय मला." आणि त्या बाईंनी त्यांचे दोन्ही गाल हातांत धरून त्यांना काहीतरी लांबलचक सांगितलं. काय ते फोनला विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

घरी परतल्यावर तीन आठवडे काकांचा पत्ता नव्हता. मी ठरवून फोन केला नाही. चारदा विचारून मी थकले होते, आणि या वेळी विचारायची पाळी माझी नव्हती. एका मंगळवारी दुपारी मी मीटिंगमध्ये असताना त्यांचा फोन आला.

"वैशाली, बिझी आहेस का? मग नंतर..."

"बोला."

"पुढच्या गुरुवारी सकाळी... म्हणजे तुला जमत असेल तर... नाहीतर राहू दे..." मी एक अक्षर बोलले नाही. "मला घरी नेशील का?"

"नेईन," मी म्हणाले, आणि मीटिंगमध्ये परत जाऊन उगाच खोकत बसले.

गुरुवारी सर्जरी सेंटरच्या नर्सने मला आत बोलावलं. काका एका डोळ्यावर पारदर्शक प्लॅस्टिकची वाटी लावून बसले होते, गुंगीने थोडे सैलावलेले. माझी सही घेतली आणि त्यांना माझ्या स्वाधीन केलं. गाडीत बसल्यापासून त्यांची बडबड सुरू. "तो ट्रक पांढरा आहे? अगं, माझ्या मते जगातले सगळे ट्रक क्रीम कलरचे झाले होते! आणि हे आकाश इतकं निळं केव्हापासून आहे?" सेंटरपासून त्यांचं घर बारा मिनिटांवर. मी त्यांना सांगत होते, फ्रिजमध्ये आमटी-भात ठेवलाय, थेंब चार वेळा घालायचे, झोपताना ती वाटी काढायची नाही.

काका खिडकीकडे तोंड करून बसले.

"तुला घाई आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही. का हो?"

"मग जरा लांबून घे. घरी पोचलो की तू जाशील."

पुढे आमचा एक्झिट आला. मी तो सोडला आणि सरळ गेले.