फोटोच्या जागी

अप्पाराव शेठ ओसरीवर टेकले, पाणी प्याले आणि चहा येईपर्यंत काय करायचं म्हणून त्यांनी खिशातून मोबाइल काढला.

"तुमच्या गटाचं ते पान बघू म्हणलं," ते म्हणाले. "लिंक आल्ती ना सकाळी."

उषाबाईंनी पदर सारखा केला आणि सुनेकडं, अर्पिताकडं पाहिलं. त्या पाहण्यात अभिमान होता, आणि काही चुकलं तर याद राख, हेही होतं. धावडा गावातल्या त्यांच्या बचत गटाचा माल आजवर भोकरदनच्या बाजारापलीकडं गेला नव्हता. शेठचं जालन्यात मोठं किराणा दुकान. त्यांनी तिखट आणि शेवया ठेवायला होकार दिला, तर गटातल्या बायकांनी उन्हाळाभर घाम गाळल्याचं सार्थक होणार होतं. त्यासाठीच अर्पितानं व्हिडिओ बघून बघून वेबपेज करायला शिकून घेतलं होतं. काल तिनं ते लॅपटॉपवर सगळ्यांना दाखवलं, तेव्हा फोटो इतके झकास दिसले होते की गटातल्या कांताबाईंनी स्वतःच्या फोटोला बोट लावून बघितलं होतं. त्या कांताबाईही आता भिंतीला टेकून बसल्या होत्या, शेठच्या तोंडाकडं बघत.

"फोटो न्हाईत यात," शेठ म्हणाले.

"न्हाईत कसे?" उषाबाई म्हणाल्या. "काल होते की."

"नुसते चौकोन हायेत. आन त्यात काहीतरी लिवलंय." शेठनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. "'शेवया. हातानं केलेल्या. या खेपेला जरा जाड झाल्यात.'"

उषाबाईंची मान सुनेकडं अगदी सावकाश वळली.

अर्पिताला सगळा घोळ एका झटक्यात कळला. पानात फोटो काही डिंकानं चिकटवलेला नसतो. तो कुठं ठेवलाय, त्याचा पत्ता तेवढा दिलेला असतो. तिनं पत्ता दिला होता तो स्वतःच्या लॅपटॉपमधल्या फोल्डरचा. म्हणून तिला फोटो दिसत होते आणि बाकी जगाला दिसत नव्हते. आणि फोटो दिसला नाही तर त्या जागी काय दिसावं, तेही तिनंच लिहून ठेवलं होतं. व्हिडिओतल्या बाईंनी बजावलं होतं, ज्याला चित्र दिसत नाही त्याला फोनवर सांगावं तसं, जे आहे तेच लिहा. अर्पितानं जे आहे तेच लिहिलं होतं. हे कोण वाचायला बसलंय, असं वाटून जरा मोकळ्या हातानंच लिहिलं होतं. आणि पानावर खाली सासूबाईंचा फोटो होता.

"शेठ, पुढचं वाचू नका, मी आत्ता नीट करते!" म्हणत ती घरात पळाली.

लॅपटॉप उघडायला नेमका वेळ लावत होता. तिनं फोटो साइटवर चढवायला टाकले, तर किती चढले ते दाखवणारी हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकू लागली. ओसरीवरचा शब्दन् शब्द आत ऐकू येत होता.

"'कांताबाई तिखट कुटताना. तोंडाला रुमाल बांधलाय, म्हणून गप्प आहेत.'"

"अगं बया!" कांताबाई कडाडल्या. "म्या काय दिवसभर बोलत ऱ्हाते का? सांगा बरं उषाबाई, बोलते का म्या? परवाच्याला तर—"

"कांता, गप," उषाबाई म्हणाल्या. "वाचा वो शेठ."

"'गटाच्या अध्यक्ष, उषाबाई...'" शेठ थांबले.

"थांबले काहून? वाचा की."

"'रागावलेल्या नाहीत. चेहराच तसा आहे.'"

आत पट्टी एकदाची भरली. अर्पितानं एकेका फोटोचा पत्ता बदलला, पान पुन्हा चढवलं आणि धापा टाकत ओसरीवर आली.

"आता बघा, शेठ."

शेठनी पान परत उघडलं. 'आमचं लाल तिखट, झणझणीत आणि अस्सल' या ओळीखालचा चौकोन वरून खाली भरू लागला. आधी पदराचा काठ आला. मग कपाळ. मग कुंकू. मग भुवया. घाईत पत्त्यांची अदलाबदल झाली होती आणि तिखटाच्या जागी उषाबाई रोखून बघत होत्या.

शेठनी मोबाइलकडं पाहिलं, समोर उषाबाईंकडं पाहिलं, आणि घाईनं चहाचा कप तोंडाला लावला. चहा मघाशीच संपला होता, कप रिकामाच होता. ते बघून आधी कांताबाईंना हसू फुटलं. अर्पितानं डोळे मिटून घेतले. गेला सौदा, आणि आता या घरात आपलंही काही खरं नाही.

"शेवया जाड झाल्यात म्हणता," शेठ अचानक म्हणाले. "जरा शिजवून आणा."

उषाबाई मुकाट उठल्या. शेवया शिजून ताटलीत येईपर्यंत कांताबाईंनी तोंडाला पदर लावून ठेवला. शेठनी घास घेतला, चावला, बोटांनी एकेक शेवई सुटी करून पाहिली.

"जाडच हायेत," ते म्हणाले. "पण चिकटत न्हाईत. माझ्याकडं जो येतो तो आपला माल एक नंबर म्हणूनच सांगतो. स्वतःच्या मालाची खोट आधी सांगणारं अजून कुणी भेटलं न्हाई. तिखट आन शेवया, दोन्ही पाठवा. जल्दी पाठवा."

शेठची गाडी गेली. कांताबाई ही बातमी गावभर सांगायला उठल्या. ओसरीवर सासू-सून दोघीच उरल्या.

"आत्या, चुकलं माझं," अर्पिता म्हणाली. "ते सगळं पुसून टाकते."

"काही पुसू नको. त्यात तुझा फोटो न्हाई ना?"

"न्हाई."

"टाक. आन खाली म्या सांगते तसं लिव." उषाबाई मांडी घालून बसल्या. "'अर्पिता. आमची सून. लई हुशार हाये.' लिवलंस?"

अर्पिताचे डोळे भरून आले. "लिहिलं."

"फुडं लिव. 'पण इचारल्याबिगर काहीबी लिवते.'"

"आत्या!"

"आन तुझा त्यो फोटो काही नीट लावू नको," उषाबाई म्हणाल्या. "लोकायला लिवलेलंच दिसलं पायजे."