बुबुती आणि सुवाचं तिकीट

आपल्या देशाचं नाव जगात गाजवायचं तर त्याला माणूस एकच, मी! किरिबाटीच्या पर्यटन कचेरीचा ब्लॉग मी लिहितो. आमच्या अख्ख्या तारावा बेटावर एवढं कोणी लिहीत नाही. बाकीच्यांना कामं असतात, हेही खरं. त्याच जोरावर मला फिजीला, सुवात भरणाऱ्या बेटदेशांच्या ब्लॉगर परिषदेचं बोलावणं आलं. जन्मातलं पहिलं विमान!

निघण्याआधी एक दणदणीत लेख टाकला: ‘बुबुती, आमची ओळख’. नातेवाइकानं बुबुती केली, म्हणजे तोंड उघडून काही मागितलं, की ते द्यायचं. नाही म्हणेल त्याची गावभर छी थू! खरं तर आम्ही पगारदार मंडळी हल्ली सायकल मागच्या दारी लपवतो. पण ते जगाला कशाला सांगा?

जगानं लेख वाचला की नाही, ठाऊक नाही. नातेवाइकांनी वाचला.

सकाळीच तेबानो काका दारात. “झकास लिहिलंयस! डोळ्यांत पाणी आलं. सायकल दे.”

सायकल गेली. मग आतेभाऊ इओतुआ आला. हा दिवसभर खाडीत मासे धरतो.

“दादा, सुवासाठी घेतलेले बूट दे ना.”

“अरे, घट्ट होतील तुला!”

“लेखात मापाचं काही लिहिलेलं नाहीये.”

बूट गेले. संध्याकाळी त्याची आई, म्हणजे माझी कैतिनानो आत्या आली.

“बाळा, बूट दिलेस, देव तुझं भलं करो. पण नुसते बूट घालून पोरगं जाणार कुठे? ते तिकीटही दे.”

“आत्या, तिकीट सरकारी आहे गं!”

“मग विचार सरकारला.”

मी कचेरीतल्या साहेबांकडे धावलो. साहेब खवळलेच. “नाही म्हणायचं? तुझा लेख सगळ्या वकिलातींना धाडलाय मी! देशाची अब्रू घालवतोस? शिवाय तुझी आत्या माझ्या बायकोची मावशी लागते.”

इओतुआ गेला. मला भयंकर राग आला होता. तो तिथे सणकून आपटावा म्हणून मी प्रार्थना केली, तीही चर्चमध्ये बसून.

सुवात तो मंचावर चढला म्हणे. मग अध्यक्षांकडे वळून म्हणाला, “तुमचं घड्याळ द्या.” अध्यक्ष गडबडले आणि चक्क दिलं! टाळ्यांचा कडकडाट! मग एकाचा कॅमेरा, एकीची टोपी. ‘संस्कृतीचं जिवंत दर्शन’ म्हणून पेपरात फोटो! स्वारी दोन पिशव्या भरून परतली. वर पुढच्या वर्षीचं सामोआचं आमंत्रण!

मी विमानतळाच्या फाटकातच त्याला गाठलं. लाज गुंडाळून ठेवली.

“इओतुआ, ते आमंत्रण मला दे. बुबुती!”

“दिलं असतं रे दादा,” तो कळवळून म्हणाला, “पण साहेब विमानाच्या शिडीपाशीच उभे होते.”

सध्या मी साहेबांचं सामोआचं भाषण लिहितो आहे. त्यांनी मागितलं.