गुणवंतभाऊ लाइन शोधतात

गुणवंतभाऊंना पाण्याचा गिलास दिला की ते आधी तो वाचतात आणि मग पाणी पितात. चष्मा कपाळावर सरकवायचा, गिलास उजेडाकडे धरून गोल फिरवायचा, आणि माझ्या बायकोला म्हणायचं, "वहिनी, हा गिलास तुमचा नोहे जी. मोहाडीच्या बांते मास्तरांच्या पोरीच्या लग्नातला आहे हा. तुमच्याकडे काहून आला?"

आता तो कसा आला हे आम्हाला कुठून ठाऊक असणार! प्रसादातून आला असेल, डब्यासोबत आला असेल. पण गुणवंतभाऊ पाणी संपवतात, गिलास धोतराच्या सोग्याला पुसतात आणि सरळ आपल्या पिशवीत टाकतात. पुढे कधीतरी मोहाडीला जाणं झालं की तो गिलास बांते मास्तरांच्या घरी पोचता होतो. अशी आमच्या घरातली बरीच भांडी स्वगृही परतली. सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला, पहिल्यांदा फार राग यायचा. मग एक दिवस आमची कित्येक वर्षं बेपत्ता असलेली परात ते तुमसरहून डोक्यावर घेऊन आले. त्या दिवसापासून ती त्यांना चहात जास्त साखर घालते.

गुणवंतभाऊ भांड्यांवर नावं टाकायचे. भंडाऱ्यात भांड्यांच्या दुकानांना तोटा नाही, आणि त्यातल्या एका मोठ्या दुकानाच्या ओट्यावर त्यांची बैठक होती. हातात ते खर्रखर्र करणारं मशीन, मांडीवर गुंड, म्हणजे पाण्याची घागर, नाहीतर ताट, आणि समोर घाई झालेलं गिऱ्हाईक. तुम्ही नाव सांगायचं आणि भाऊंनी तुमच्यापेक्षा चांगलं करून ते कोरायचं. 'यांजकडून सप्रेम भेट' ही अक्षरं त्यांनी इतक्या वेळा काढली आहेत की झोपेतही बोट हलत असेल. जिल्ह्यातल्या निम्म्या लग्नांत कोणी कोणाला काय दिलं, हे त्यांना तोंडपाठ होतं.

पण लोक भांडी द्यायचे बंद झाले. आता पाकीट देतात, नाहीतर मिक्सर. तरीही जे थोडे लोक भांडी घेत होते, त्यांच्यासाठी दुकानदाराने कॉम्प्युटरचं मशीन आणलं. फाल्गुनात एक दिवस भाऊंनी आपलं मशीन फडक्यात गुंडाळलं आणि ते घरी आले. पंचावन्नच्या पुढचा माणूस, बायको वारून काही वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी प्रणाली लग्न होऊन पुण्यात, तिथेच नोकरीला. मला वाटलं, आता हे खचणार. मी सांत्वनाची दोन वाक्यं जुळवून त्यांच्या घरी गेलो, तर हे आरशासमोर उभे राहून मिशीला कात्री लावत होते.

"भाऊ, लाइन बदलून राह्यलो," ते म्हणाले. "कोन्ती घ्यावं, सांगा."

आमच्याकडे धंद्याला, नोकरीला, कलेला, सगळ्यालाच लाइन म्हणतात. कोणी कापडाच्या लाइनमध्ये असतो, कोणी मास्तरकीच्या. भाऊ आता कुठल्याच लाइनमध्ये नव्हते आणि प्रणालीने फोनवर त्यांना बजावलं होतं, "बाबा, उन्हाळाभर काय पाहायचं ते पाहा. नाही जमलं तर शाळा उघडायच्या आत मी येते आणि तुम्हाला पुण्याला घेऊन जाते. माझं काही ऐकायचं नाही असं नाही चालणार." भाऊंना भंडारा सोडायचं नव्हतं. इथे दर चार पावलांवर त्यांना हाक मारणारा माणूस होता. तेव्हा प्रश्न सरळ होता. उन्हाळ्यात लाइन सापडली तर भंडारा, नाहीतर पुणे.

इथे मला आमच्या उन्हाळ्याबद्दल सांगितलं पाहिजे. मार्च संपता संपता मी पडदे ओढून घेतो. ऑफिस आणि कूलर यांच्या मधला रस्ता मी डोळे मिटून पार करतो. मे महिन्यात आमच्या गल्लीत दुपारी कुत्रंसुद्धा नालीतून उठत नाही. आणि त्या उन्हात डोक्याला ओला दुपट्टा बांधून, खिशात कांदा ठेवून, गुणवंतभाऊ शीळ घालत चाललेले असायचे. कुठे निघालात विचारलं की एकच उत्तर. "टिरायल घेऊन राह्यलो."

पहिली टिरायल कूलरची. गल्लीतल्या सगळ्या कूलरांच्या गवताच्या ताट्या त्यांनी बदलून दिल्या. काम उत्तम केलं. पण कूलर सुरू केल्यावर हवा थंड येते की नाही याची खात्री पटेपर्यंत उठायचं नाही, हा त्यांचा नियम. ते समोर बसायचे, डोळे मिटायचे, आणि घरच्यांना चहाच्या वेळी त्यांना हलवून उठवावं लागायचं. आमच्याकडे तर त्यांनी दोन दिवस खात्री केली. "तुमच्या कूलरची हवा जरा गोड आहे," असं वर प्रमाणपत्रही दिलं.

मग त्यांनी लग्नं जुळवायची लाइन घेतली. त्यांना सगळी घरं माहीत होती, हे खरंच. आंबागडकडचं एक स्थळ त्यांनी इथल्या एका मुलीसाठी आणलं. मुलीच्या वडिलांनी विचारलं, घर कसं आहे? भाऊ म्हणाले, "घर चांगलं, वावर चांगलं, पोरगा निर्व्यसनी. फक्त एक हाय, त्यांच्या घरी गेलेलं भांडं वापस येत नाही."

मुलीचे वडील चिडले. "अहो, मी पोरगी देऊन राह्यलो, डबा नाही!"

"हाव जी," भाऊ शांतपणे म्हणाले, "पन पोरगीलेबी कधी कधी माहेरी येनं लागते ना."

आतून मुलीच्या आईने जोरात "बरोबर आहे" म्हटलं आणि ते स्थळ तिथेच बारगळलं. भाऊंची लाइनही बारगळली. कारण लग्न जुळवणाऱ्याने खरं बोलायचं नसतं, ही अट त्यांना कोणी सांगितलीच नव्हती.

मेंदीचं प्रकरण तर अजून भंडाऱ्यात सांगितलं जातं. हात कोरणाऱ्याचा, अक्षर मोत्यासारखं, मग मेंदीचा कोन काय अवघड? तळ्याकाठच्या एका घरात नवरीच्या हातावर मेंदी काढायला ते जाऊन बसले. मोर काढला, वेल काढली, बाया बघत राहिल्या. हल्ली नवऱ्याचं नाव मेंदीत काढायची पद्धत आहे. नवरी लाजत म्हणाली, "काका, अक्षय लिहा." काकांनी सुरेख 'अक्षय' लिहिलं. आणि मग हात थांबेना. इतक्या वर्षांची सवय! नवरीच्या कोपरापर्यंत झोकदार अक्षरांत उमटलं, 'यांजकडून सप्रेम भेट'. खाली तारीखसुद्धा घातली.

मावशीने किंकाळी फोडली. मेंदी पुसावी तर रंग धरलेला. नवरी मात्र हसून हसून लोळायला लागली, आणि लग्नात तिने ती बाही मुद्दाम वर सरकवून सगळ्यांना दाखवली म्हणतात. भाऊ दोन दिवस गल्लीत मान खाली घालून फिरले. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाले, "तारीख तरी बरोबर होती, भाऊ."

मला त्या माणसाचा खरोखर हेवा वाटायचा. मी नोकरीत पक्का, पगार महिन्याचा महिन्याला, आणि तरी दिवस कसा ढकलावा ही मला चिंता. यांची लाइन गेलेली, डोक्यावर पुण्याची टांगती तलवार, आणि यांना जेवायला फुरसत नाही. कोणाच्या घरी काडीवर कणकेचे सरगुंडे वळायला बस, कोणाच्या लोणच्याच्या कैऱ्या फोडून दे, कोणाच्या पाहुण्यांना स्टँडवरून आण. एकच गोष्ट ते चुकवत नसत. भर दुपारी आणि मग संध्याकाळ उलटल्यावर प्रणालीचा फोन यायचा. हातातलं काम टाकून ते कोपऱ्यात जाऊन बसायचे आणि आज कुठली टिरायल झाली हे तिला सविस्तर सांगायचे. ती तिकडून ओरडायची, हे इकडे हसायचे.

आणि मग बपेरा गावचं लग्न आलं.

तिथे ते वाढप्याच्या टिरायलसाठी गेले होते, आणि नवरदेव माझ्या ऑफिसातला म्हणून मीही होतो. मांडव मोठा, माणसं मुबलक, पण माइकवरच्या माणसाचा घसा ऐनवेळी बसला. त्याच्या तोंडून फक्त खरखर निघत होती. भाऊंनी बुंदीची बादली खाली ठेवली, माइक हातात घेतला आणि सुरुवात केली.

आमच्याकडच्या लग्नांत माइकवरून स्वागत होतं ते पुढाऱ्यांचं. भाऊंनी पुढाऱ्यांना एका दमात उरकलं. मग म्हणाले, "नवरदेवाची मोठी आत्या, सीताबाई, मांडवाच्या खांबाजवळ बसून हायत. नवरदेवाच्या आईच्या लग्नात यायनं पितळेचा गुंड देल्ला होता, थो गुंड आजबी या घरी पानी भरून राह्यला. सीताबाईंचं स्वागत हाय." खांबाजवळची म्हातारी दचकली. लोक वळून पाहायला लागले. तिने पदर सावरला आणि इतकी ताठ बसली की काय सांगू. मग भाऊंनी आचाऱ्याचं नाव घेतलं, तो झारा हातात घेऊनच बाहेर आला. पाणी भरणाऱ्यांची नावं घेतली. कोण कोणाचा साळा, कोणाचं गाव कोणतं, कोणाच्या घरात कोणाचं ताट, सगळं. जो तो कान टवकारून आपलं नाव येण्याची वाट पाहत होता. त्या उन्हात एकही माणूस जेवून लगेच निघाला नाही. मंगलाष्टकं म्हणणाऱ्या महाराजांनाही आपलं नाव आल्यावरच हुरूप आला.

तो मांडव आणि साऊंड तुमसरच्या एका मंडपवाल्याचा होता. त्याने भाऊंना तिथेच धरलं. "भाऊ, माह्या माइकवर आजवर आवाज होता, मानूस नव्हता. सारे सीझन तुम्ही माह्यासंग चाला."

सापडली! लाइन सापडली! भाऊंनी गल्लीत पेढे वाटले. पुढचे पंधरा दिवस ते लग्नामागून लग्नं करत होते, आणि घरी असले की सराव. आम्ही सकाळी चहा घेत असलो की ओट्यावरून आवाज यायचा, "सुमनवहिनी नळावर निघाल्या हायत, त्यायचं स्वागत हाय." सुमन लटक्या रागाने घागर आपटायची. गल्लीने ठरवून टाकलं की प्रणाली आली की तिला मांडवात न्यायचं, बापाला माइकवर दाखवायचं आणि पुण्याचा विषय कायमचा मिटवायचा. बोलायचं काम माझ्याकडे होतं. मी मुद्दे काढून ठेवले होते.

ती येण्याच्या आदल्या संध्याकाळी भाऊ माझ्याकडे आले. ओट्यावर बसले, चहाही नको म्हणाले.

"भाऊ, पोरगी आली का मंडपाचं नाव काढू नका. साऱ्या गल्लीले सांगून आलो. मी मंडपवाल्याले नाही म्हटलो."

मी उडालोच. "वेड लागलं का तुम्हाला? एवढी चांगली लाइन!"

"चांगलीच होती जी. अशी लाइन मले उभ्या जन्मात भेटली नव्हती." ते माझ्याकडे वळून बसले. "पोरगी फोन कोन्त्या टायमाले करते, तुम्ही पाह्यलं का?"

मी म्हटलं, दुपारी आणि रात्री. आणि तुमच्यावर ओरडते.

"जेवाच्या टायमाले करते. मले तिकडून ताटाचा आवाज येते. एकाच ताटाचा. जवाईबापू घर सोडून गेले असतीन, का काय झालं असन, मले मालूम नाही. थे सांगत नाही, मी विचारत नाही. 'माझं ऐका, पुण्याला चला', एवढंच म्हनते. जसं काही माह्यासाठी." त्यांनी चष्मा काढला. "बायको गेली तवा मी जेवताना रेडिओ लावत होतो. घास नाही जाये नाहीतर. थे पोरगी मले लावते."

 मी म्हटलं, "मग तिला हेच सांगा ना. मी तुझ्यासाठी येतो म्हणा."

"नाही जी. मंग थे येऊ देनार नाही. म्हनन, तुमची लाइन जमली, तुम्ही राहा, मी मजेत आहे. माही काही लाइन जमली नाही, असंच पाहिजे."

प्रणाली दुसऱ्या दिवशी सकाळी आली. पोरगी पार वाळली होती. मी तिच्या गळ्याकडे, हाताकडे पाहायचं टाळलं. ती आल्या आल्या बापाला बोलायला लागली. उन्हात किती काळे पडलात, कपडे कुठे आहेत, औषधं घेतलीत का. भाऊ गुन्हेगारासारखे पलंगाच्या कडेला बसून होते. आमची गल्ली म्हणजे तोंडात तीळ न भिजणारी, पण त्या दोन दिवसांत एकानेही मंडपाचा म काढला नाही. सुमनने त्यांना आमच्याकडे जेवायला बोलावलं. ताटं वाढली. बोलता बोलता प्रणालीने आणखी एक पोळी मागून घेतली, आणि भाऊ जेवायचे थांबून नुसते तिच्याकडे पाहत राहिले.

वरठीला रेल्वे धरायची होती. ऑटो गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. भाऊंची पेटी प्रणालीने स्वतः उचलली, त्यांना हात लावू दिला नाही. बापाला आत बसवून ती माझ्यापाशी आली, नमस्कार केला आणि आवाज खाली आणून म्हणाली, "काका, उन्हाळाभर इतकी धावपळ केली हो बाबांनी. आणि एक गोष्ट धड जमली नाही बघा त्यांना."

ऑटोत गुणवंतभाऊ मान खाली घालून बसले होते.

"हो ना," मी म्हणालो. "नाहीच जमली."