वरच्या सुराची तपासणी

"तराजूच खोटा असेल, तर माल तोलून उपयोग काय?" असं म्हणत धाकटीनं कानावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला, आणि मास्तरांनी हातातला पेपर घडी करून ठेवला. मास्तर म्हणजे तिचे यजमान, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. छत्तीस वर्षं वजनमापं खात्यात निरीक्षक म्हणून काढलेली आपली बायको हे वाक्य बोलली, की भल्या भल्या दुकानदारांना घाम फुटायचा, हे त्यांना ठाऊक होतं. आता ती निवृत्त झाली होती आणि तपासायला घरात दुसरं कुणी नव्हतं.

या खेपेला मात्र तपासणी एका कॅसेटची होती. बावन्न वर्षांपूर्वी शाळेच्या गायनस्पर्धेत धाकटी आणि तिची थोरली बहीण अशा दोघी मिळून गायल्या होत्या. धाकटी नऊ वर्षांची, थोरली अकराची. सगळं गाणं झकास झालं आणि शेवटच्या ओळीत, वरच्या सुरावर, दोघींपैकी एकीचा आवाज घसरला. कप दुसऱ्याच मुलींनी नेला. सूर कुणाचा गेला? थोरली म्हणायची धाकटीचा, धाकटी म्हणायची थोरलीचा. वडिलांनी गाणं टेप करून ठेवलं होतं, पण कॅसेट अशी खरखरायची, की त्यात दोन मुली गाताहेत की भांडी घासताहेत हेच कळू नये.

इतकी वर्षं हे भांडण चवीपुरतं होतं. पण तीन महिन्यांपूर्वी आपल्या नातीच्या वाढदिवसाला थोरलीनं चाळीस पाहुण्यांसमोर धाकटीच्या पाठीवर थाप मारून सांगितलं, "हिच्यामुळे गेला बरं का आमचा कप!" सगळे हसले. धाकटीनं हातातली बशी खाली ठेवली, चपला घातल्या आणि ती घरी आली. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद.

"मला एकच बहीण आहे," ती मास्तरांना म्हणाली. "तिच्याशी बोलल्यावाचून मला करमत नाही. पण खोटा आळ डोक्यावर घेऊन मी बोलायची नाही. आधी निकाल, मग फोन."

उंची हेडफोनात प्रत्येक आवाज सुटा सुटा ऐकू येतो, असं तिनं कुठंतरी वाचलं आणि बाजारातला एक नंबरचा हेडफोन आणला. घरातल्या जुन्या टेपला जोडला. आवाज आला तो डबीत कोंडलेल्या डासासारखा. तडक ती कानवाल्यांकडे गेली. कानवाले म्हणजे कोपऱ्यावरचे ध्वनियंत्रं दुरुस्त करणारे गृहस्थ. कान जपायचे म्हणून ते स्वतःही कुजबुजतच बोलायचे.

"हेडफोन उत्तम आहे, बाई," ते कुजबुजले. "पण हा तीनशे ओहमचा. तुमच्या टेपला तो ओढवत नाही. सायकलला ट्रक बांधल्यासारखं झालंय. याला दमदार अॅम्प्लिफायर पाहिजे."

दमदार अॅम्प्लिफायर आला. आता आवाज मोठा झाला, पण खरखरही मोठी झाली, आणि वरचे सूर कानात सुईसारखे टोचायला लागले.

"हेडफोन तिखट, अॅम्प्लिफायर त्याहून तिखट," कानवाल्यांनी निदान केलं. "एकेकटे दोघंही गुणी आहेत. पण जोडी जमत नाही. काचेच्या व्हॉल्व्हचा घ्या, तो जरा मवाळ असतो."

मवाळ अॅम्प्लिफायर आला. त्यानं टोचणं थांबवलं आणि जुन्या टेपची मोटर कशी कण्हते ते स्वच्छ ऐकवलं. मग चांगला कॅसेट डेक आला. डेक आला तसं गाण्याच्या मागून 'घूंऽऽ' ऐकू यायला लागलं. ते फ्रिजचं निघालं. फ्रिज बंद ठेवला तर दूध नासलं, आणि मास्तर तीन दिवस कोरा चहा प्यायले. शेवटी वायरमननं भिंत फोडून टेबलापर्यंत वेगळी लाईन ओढली.

"अगं, रोग परवडला पण इलाज नको असं झालंय," केसांतलं प्लास्टर झटकत मास्तर म्हणाले. "तूच 'गेला असेल माझा सूर' असं म्हणून टाक ना! संपलं!"

"न तोलता वजन लिहू?" धाकटीनं असं काही पाहिलं, की मास्तर मुकाट्यानं दिवाणखाना झाडायला लागले.

एवढं होऊनही आवाज गढूळच. अखेर कानवाले स्वतः घरी आले, डेकचं झाकण उघडून त्यांनी फितीवरून आवाज उचलणारं हेड पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "ही कॅसेट ज्या मशिनवर भरली, त्याचं हेड जरा तिरकं होतं. आपलं सरळ आहे. म्हणून पटत नाही." त्यांनी हेडशेजारचा स्क्रू केसभर फिरवला, आणि दोन मुलींचे आवाज एकमेकींपासून अलगद सुटे झाले.

"बंद करा!" धाकटी ओरडली. "शेवटची ओळ आता ऐकायची नाही. तपासणी दोन्ही पक्षांसमक्ष होईल." आणि तराजूला सील ठोकावं तसा तिनं स्क्रूवर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. मग सहा महिन्यांनी बहिणीला फोन केला. "ताई, रविवारी चार वाजता ये. निकाल आहे." पलीकडून तितक्याच करारी आवाजात उत्तर आलं, "येते."

रविवारी साडेतीन वाजता मास्तर बिस्किटं आणायला गेले आणि धाकटीला राहवेना. पुरावा ठीक आहे ना, एवढंच बघावं, म्हणून तिनं हेडफोन चढवला. गाणं सुरू झालं. प्रत्येक शब्द मोत्यासारखा स्वच्छ. शेवटची ओळ आली, वरचा सूर आला आणि एक आवाज धाडकन घसरला.

तो तिचा होता. लहानपणचा, सर्दीनं बसका, तिचाच. तिनं पाच वेळा ऐकलं. पाचही वेळा तिचाच. एवढा खटाटोप करून हात दाखवून अवलक्षण! चाळीस पाहुणे हसले होते, ते बरोबरच हसले होते. तिला रडूच आलं. आता ताई जन्मभर ऐकवणार.

चाराला दहा मिनिटं होती. छत्तीस वर्षांत एकाही दुकानदाराला काट्याला बोट लावू न दिलेल्या त्या बाईनं स्क्रू ड्रायव्हर उचलला, स्वतःच मारलेलं सील फोडलं आणि स्क्रू पाव वेढा फिरवला. आवाज पुन्हा गढूळ झाला.

थोरली आली ती उंबऱ्यातूनच म्हणाली, "कुठाय तो निकाल?" धाकटीनं हेडफोन तिच्या डोक्यावर बसवला. थोरली डोळे मिटून ऐकत राहिली. गाणं संपलं तेव्हा तिचे डोळे ओले झाले होते.

"काही कळत नाही गं. तू कुठली, मी कुठली, सगळं एकात एक मिसळलंय." तिनं पदरानं डोळे पुसले. "पण किती गोड गायचो गं आपण! परत लाव."

धाकटीचा जीव भांड्यात पडला. पण लाजही वाटली. तेवढ्यात बिस्किटं घेऊन मास्तर आले. या तीन महिन्यांत त्यांचं शिक्षण फुकट गेलेलं नव्हतं.

"अगं, हे काय! लाल खूण सरकलीय!" ते मोठ्या उत्साहानं म्हणाले. "थांबा ताई, तुम्ही चुकीचं ऐकलंत." आणि धाकटी हात धरेपर्यंत त्यांनी स्क्रू जागेवर आणून गाणं पुन्हा सुरू केलं.

धाकटी मान खाली घालून बसली. थोरलीचा चेहरा आधी फुलला, मग गंभीर झाला, आणि शेवटच्या ओळीला तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"माझा!" ती हेडफोन काढत म्हणाली. "अगं, माझाच सूर गेला होता! आणि मी जन्मभर तुला बोलत राहिले. माफ कर गं मला."

"तुझा?" धाकटी ताडकन उठली. "ताई, तो माझा आवाज आहे. मी मघाशीच ऐकलाय. म्हणून तर सील फोडलं मी!"

"माझी समजूत काढू नकोस. मला माझा आवाज कळत नाही?"

"मला माझा कळत नाही? सर्दी झाली होती मला!"

"सर्दी मला झाली होती. तुला गालगुंड!"

"गालगुंड नंतर. चूक माझी आहे, ताई. मी ती सोडायची नाही."

"थोरली मी आहे. माझीच आहे ती."

मास्तर बिस्किटांचा पुडा धरून एकीकडून दुसरीकडे पाहत होते. "मग एकदा दोघी म्हणूनच दाखवा ना," ते हताशपणे म्हणाले.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. थोरलीनं घसा खाकरला, धाकटीनं पदर खोचला, आणि बावन्न वर्षांनी दोघींनी ती शेवटची ओळ एकत्र धरली. वरच्या सुराशी आल्या आणि दोघी एकदमच घसरल्या.

"बघ! मी म्हणत नव्हते?" दोघी एकदमच म्हणाल्या.