प्रतिनियुक्तीवरची आजी

शिनोलीच्या नवनाथने भीमाशंकरच्या रस्त्याला लागून पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या, तेव्हा आयुष्यात जे जे चांगलं म्हणून पाहिलं होतं ते सगळं त्यांत घातलं. पांढऱ्या टाइल्स, गिझर, पंखे, कमोड आणि भिंतीभिंतीला ट्यूबलाइट. तो स्वतः वायरमन. घोडेगावपासून वरच्या वाड्यांपर्यंत कितीतरी घरांत पहिला दिवा त्याच्याच हातानं लागला होता. श्रावणात आणि महाशिवरात्रीला खोल्या भरत. एरवी तिथं पाली राहत आणि ट्यूबलाइटवर त्या अतिशय समाधानी होत्या.

या अवस्थेला ‘मंदीचा हंगाम’ म्हणतात, हे त्याला २००५ साली ग्रामीण आतिथ्य संवर्धन प्रकल्पाच्या शिबिरात कळलं. प्रकल्पाचा सल्लागार कल्पेश हा मंचरच्या रूपचंदशेठचा मुलगा, पुण्यात व्यवस्थापन शिकून आलेला. त्याने खोल्यांची पाहणी केली आणि डॉक्टरसारखी मान हलवली.

“नवनाथभाऊ, दुखणं सापडलं. टाइल्स.”

“फुटल्यात का?”

“फुटल्या असत्या तर बरं झालं असतं. अहो, पाहुणा टाइल्सना कंटाळून इकडे येतो. त्याला अस्सल गावाचा अनुभव द्या.”

टाइल्सवर शेण टिकेना, म्हणून आधी माती पसरली आणि मग सारवलं. पंखे उतरले, ट्यूबलाइट उतरल्या, कंदील आले. कमोड तेवढा राहिला. अस्सलपणाला पाहुण्याच्या गुडघ्यांची मर्यादा असते, असं कल्पेशचं मत पडलं.

गावाला तेव्हा भारनियमनामुळे अंधार फुकट मिळत होता. तोच जाहिरातीत ‘चांदण्यांचा सहवास’ या नावानं आला आणि ऐन एप्रिलात खोल्या भरल्या. पाहुणे खूश होते. फक्त मध्येच वीज येई आणि शेजाऱ्यांचे बल्ब पेटत. तक्रारी झाल्या. मग ग्रामपंचायतीनं ठराव केला, की शनिवारी सायंकाळनंतर ग्रामस्थांनी अनुभवबाधक प्रकाश करू नये. पाहुणे गावची अंडी-कोंबड्या विकत घेऊन जात असल्यानं ठराव एकमतानं मंजूर झाला. ज्या गावात नवनाथनं दिवे लावले, तिथं तो आता शनिवारी फिरून दिवे बंद करायला सांगू लागला.

पुढचा मुद्दा पाण्याचा होता. पाणी नळाला येत असे आणि ते अनुभवात बसत नव्हतं. नवनाथची बायको यशोधरा अंगणवाडीत शिकवायची. तिनं नऊवारी नेसून विहिरीवरून हंडा आणावा, असं ठरलं.

“नळ दारात हाय आणि मी हंडा घेऊन मिरवू?” ती म्हणाली. “अंगणवाडीतली पोरं हसत्यात मला.”

“शनवार-रविवारचंच हाय गं. अनुभव असतो त्यो.”

“कुनाचा?” यशोधरानं विचारलं. नवनाथनं हंडा घासून ठेवला.

नवनाथच्या आईला, द्रौपदाबाईंना, अंगणात जात्यावर बसवलं. एका पाहुणीनं मांडी घालत कौतुकानं विचारलं, “आजी, पूर्वी गाव किती छान असेल ना?”

“छान व्हतं की,” द्रौपदाबाई म्हणाल्या. “हीर व्हती, पर आमाला शिवायची न्हाई. आमी घागर घिऊन बाजूला बसायचं. कुनाला दया आली तर वरनं वतायचा.”

जातं फिरत राहिलं. पाहुणीनं फोटो काढायचा राहू दिला.

रविवारी अभिप्राय आला: जेवण उत्तम, अंधार उत्तम, आजी थोड्या नकारात्मक.

कल्पेशनं गंभीरपणे तोडगा सांगितला. “आशय बदला. नाहीतर आजी बदला.”

आजीनं आशय बदलायला नकार दिला. म्हणून पलीकडच्या आळीतल्या सारजाबाईंची आजी या पदावर प्रतिनियुक्ती झाली. येईल त्याच्या तोंडावरून हात फिरवून “सुकली गं माझी लेकरं” म्हणण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता.

“माझ्याच अंगनात माझ्या जागी दुसरी म्हातारी बशिवतो व्हय रं?” द्रौपदाबाई एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सासू-सून टीव्ही घेऊन मंचरला, यशोधराच्या माहेरी निघून गेल्या. नवनाथ त्यांना एसटीपर्यंत पोचवायलाही गेला नाही. त्या दिवशी दोन्ही खोल्या भरलेल्या होत्या.

पुढच्या शनिवारी पुण्याचे एक गृहस्थ आले. कंदिलाच्या उजेडात भरपेट जेवले आणि अंगणातल्या खाटेवर रेलले.

“गाव असंच राहिलं पाहिजे हो,” ते म्हणाले. नवनाथनं विहिरीचं पाणी तांब्यात भरून त्यांच्या हाती दिलं. “आडनाव काय म्हणालात आपलं?” गृहस्थांनी विचारलं.

“गायकवाड.”

“वा. गायकवाड म्हणजे... कुठले?”

“इथलेच. शिनोलीचे.”

“तसं नव्हे. म्हणजे मूळचे?”

तांब्या गृहस्थांच्या हातात होता, ओठापाशी जात नव्हता. नवनाथ त्या तांब्याकडे पाहत राहिला. आई सांगायची ते पूर्वीचं, असं तो आजवर धरून चालला होता. तो आत गेला, ट्यूबलाइट आणून जागच्या जागी बसवली आणि बटण दाबलं. वीज होती. अंगण लख्ख उजळलं, तसे गृहस्थ डोळ्यांवर हात धरून उठून बसले.

“सायेब, आमी बौद्ध,” नवनाथ म्हणाला. “पानी प्यायचं का न्हाई, ते उजेडात ठरवा.”

“अहो, मी सहजच विचारलं!” गृहस्थ म्हणाले. तहान मात्र त्यांना तेवढ्यात राहिली नव्हती.

सकाळी नवनाथ मंचरला गेला. आईसमोर उभा राहिला. “आदी ती माती खरड,” द्रौपदाबाई म्हणाल्या. चार दिवस त्यानं फावड्यानं माती खरडली. टाइल्स बाहेर आल्या, मग घरची माणसं परत आली. कल्पेशनं ‘अनुभवाचा अभाव’ असा शेरा मारून खोल्या प्रकल्पातून वगळल्या.

मंदीचा हंगाम पुन्हा सुरू झाला आहे. तुम्हाला जायचं असेल तर खोल्या सहज मिळतील. पंखा आहे, नळाला पाणी आहे. बुकिंगचा फोन द्रौपदाबाई स्वतः उचलतात आणि तुम्ही सहजच काही विचारायच्या आत त्याच विचारतात, “पावनं, आडनाव काय तुमचं? बरं. म्हंजी कुठलं?” तुम्ही उत्साहानं गावाचं नाव सांगता.

“तसं न्हाई,” त्या म्हणतात. “मूळचं?”

पुण्याची रेंज नेमकी याच प्रश्नाला जाते.